मधल्या वेळची वाटी



वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेला माणूस घरी परततो, तेव्हा घरातली सगळी माया स्वयंपाकघरात उतरते. तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर, गुरगुट्या भात, दुधात बुडवलेलं बिस्कीट, वरणावरचं निवळ पाणी. आजाऱ्याला पचायला हलकं द्यावं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तापातून उठलेल्या माणसाला ती मानवतेही. या शस्त्रक्रियेनंतर मात्र तीच रीत आड येते, आणि सगळ्यात जास्त आड येते ती सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाचच्या खाण्यात. आहारतज्ज्ञ म्हणून मी रोज ज्या घरांशी बोलते, त्यांतल्या बहुतेकांना हे सांगावं लागतं.

आधी पोटात काय बदललं ते पाहू. आपल्याकडे जास्त होते ती स्लीव्ह शस्त्रक्रिया. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक राहते. दुसऱ्या, बायपास प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी तयार करून ती लहान आतड्याला जोडतात. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जठराच्या वरच्या भागात जास्त तयार होतं. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो, म्हणून कितीतरी रुग्ण म्हणतात, ‘‘ताई, भूकच लागत नाही.’’ वजन उतरायला याची मदत होते. पण भूक लागत नाही म्हणून खायचं राहून जातं, आणि शरीराची गरज तर तशीच उभी असते.

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं हवीत. बहुतेकांना 60 ते 80 ग्रॅमचं लक्ष्य दिलं जातं, काहींना त्याहून जास्त. आता हिशेब करा. घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम, एका पोळीत तीनेक ग्रॅम, वाटीभर दह्यात चार-पाच ग्रॅम. सुरुवातीच्या काही महिन्यांत हे सगळं एका जेवणात जातच नाही; अर्ध्या-पाऊण वाटीत पोट भरतं. पुढे दोन्ही जेवणं पूर्ण जाऊ लागली तरी हिशेब वीस-पंचवीस ग्रॅमांवर अडतो. न्याहारीचे आठ-दहा धरा. उरलेले 25-30 ग्रॅम कुठून आणायचे? मधल्या वेळच्या खाण्यातून. एरवी ज्याला आपण तोंडात टाकायला काहीतरी म्हणतो, त्यावर आता दिवसाची निम्मी जबाबदारी येऊन पडते.

ही भरपाई झाली नाही, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवतं. वजनकाट्यावर आकडा उतरतो, घरात आनंद होतो, पण जिना चढताना मांड्या भरून येतात, उठताना हाताचा टेकू लागतो. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला केस गळू लागतात. वजन झपाट्याने उतरताना थोडे केस जातातच आणि ते परतही येतात. प्रथिनं आणि लोह कमी पडलं, तर ही गळती वाढते आणि लांबते.

आता पेजेकडे आणि खिरीकडे वळू. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात. पेजेत पाणी आणि थोडं पिठूळ सत्त्व. डाळीचं पाणी देताना घरच्यांना वाटतं, डाळीचा सगळा कस त्या पाण्यात उतरला. तो उतरलेला नसतो. प्रथिनं खाली बसलेल्या डाळीतच राहतात. शिवाय असं मऊ, पातळ, पिठूळ खाणं लहान झालेल्या पोटातून चटकन पुढे सरकतं, पोट भरल्याची जाणीव देत नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटांचंही तेच. दोन खाल्ली काय, सहा खाल्ली काय, अडत नाही. मग वर्ष-दीड वर्षाने उतरलेलं वजन पुन्हा चढायला लागतं, आणि त्यात या बिस्किटांचा वाटा असतो.

मग द्यायचं काय? पहिले काही आठवडे पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ, असा क्रम तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेला असतो. तो मोडू नका. त्या क्रमात राहूनही पुष्कळ काही करता येतं. पातळ खाण्याच्या दिवसांत साय काढलेल्या 200 मिलिलिटर दुधात दोन मोठे चमचे स्किम्ड दुधाची पावडर ढवळली, तर एका पेल्यात अकरा-बारा ग्रॅम प्रथिनं मिळतात. बायपासनंतर काहींना दूध पचत नाही, पोटात गुरगुरतं. त्यांना दही जास्त मानवतं, आणि दह्यापेक्षा चक्का चांगला. साय काढलेल्या दुधाचं दही मलमलच्या फडक्यात टांगून ठेवा. शंभर ग्रॅम चक्क्यात आठ-दहा ग्रॅम प्रथिनं असतात. त्यात साखर घालून श्रीखंड करू नका. बायपासनंतर साखर वेगाने आतड्यात उतरली की धडधड, घाम, चक्कर, जुलाब असा त्रास होतो. चक्क्यात जिरेपूड, मीठ, किसलेली काकडी घाला.

मला स्वतःला फार आवडणारी वस्तू म्हणजे पंढरपुरी डाळं. ते मिक्सरमधून अगदी बारीक करून डब्यात भरून ठेवा. दोन-अडीच मोठे चमचे, म्हणजे 25 ग्रॅमच्या आसपास पीठ ताकात कालवलं की पाच ग्रॅम प्रथिनं झाली. डाळं स्वस्त आहे, कोणत्याही किराणा दुकानात मिळतं, आणि भाजलेलं असल्यामुळे शिजवायचा खटाटोप नाही. मऊ खाणं सुरू झालं की मुगाच्या डाळीचं छोटं धिरडं, आत कुस्करलेलं पनीर. घट्ट पिठलं नुसतं चमच्याने खा, भाकरीची वाट पाहू नका. पनीर 50 ग्रॅम घेतलं की नऊ ग्रॅम प्रथिनं. अंड्यात सहा. अंडं मऊ उकडून किंवा ओलसर भुर्जी करून द्या. कोरडं, चिवट झालं की घास अडकतो, तोंडात लाळ जमते, उलटी होते. चिकनचंही तसंच. कोरड्या फोडीपेक्षा रसातला खिमा बरा. कोकणातल्या घरांना मी वाफवलेली मासळी सुचवते, मऊ असते आणि लवकर पचते.

सोयाबीनबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात. मराठवाड्यात, विदर्भात शेतंच्या शेतं या पिकाची. तरीही ते पिकवणाऱ्या कितीतरी घरांत ते ताटात येत नाही. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅममागे 50 ग्रॅमांहून जास्त प्रथिनं असतात. फक्त 20 ग्रॅम कोरड्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढा आणि कांदा-टोमॅटोवर खिम्यासारख्या परता. दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि मांस न खाणाऱ्या घरात याहून स्वस्त सोय मला माहीत नाही.

फुटाणे, शेंगदाणे, बदाम हे दोन-तीन महिन्यांनी, तेही बारीक चावून. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर, पण तेलही जवळजवळ निम्मं. म्हणून मुठीने नको, चमच्याने मोजा. आणि वाटी समोर ठेवून दिवसभर एकेक दाणा टाकत राहणं तर नकोच. वेळ ठरवा, बसून खा, संपवा आणि उठा. खाताना पाणी पिऊ नका; खाऊन झाल्यावर अर्धा तास थांबा. दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी मात्र घोटाघोटाने गेलंच पाहिजे. पाचचा चहाही त्याच नियमाने, आधी वाटी, अर्ध्या तासाने चहा. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिनांचं माप डॉक्टरांकडूनच घ्या.

आता उपवास. शस्त्रक्रियेनंतर चतुर्थी, एकादशी सोडायला मन तयार होत नाही, आणि त्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळं आणि राजगिऱ्याचा गुळातला लाडू असं ताट मांडलं, तर प्रथिनांचा तो दिवस वाया गेला. शिवाय खिचडीतला चिकट साबुदाणा लहान पोटात अडकतो. त्याऐवजी सकाळी दूध पावडर घातलेलं दूध. अकराला जिरं घातलेला चक्का आणि त्यावर दोन चमचे दाण्याचा कूट. दुपारी राजगिऱ्याच्या पिठाचं छोटं थालीपीठ दह्याबरोबर. पाचला तुपावर परतलेलं, मिरपूड टाकलेलं पनीर. एवढ्यानं चाळीसच्या जवळपास जाता येतं. उरलेल्यासाठी प्रथिनांची पावडर घ्या. पुष्कळजणी ती व्यायामशाळेतल्या मुलांची वस्तू म्हणून हात लावत नाहीत. व्हे प्रकारची पावडर दूध फाडल्यावर उरणाऱ्या निवळीपासूनच बनते, त्यामुळे अनेक घरांत ती उपवासालाही चालते. डब्यावरची साखर तेवढी वाचून घ्या. पहिलं वर्षभर तरी निर्जळी उपवास धरू नका. शरीरातलं पाणी इतकं झपाट्याने कमी होतं की सलाइन लावायला दवाखान्यात जावं लागतं. आषाढी एकादशीला, चतुर्थीला घरातल्या थोरांनी स्वतःहून शस्त्रक्रिया झालेल्या माणसापुढे पाण्याचा पेला आणि चक्क्याची वाटी ठेवली, तर त्याला मागावंही लागणार नाही.