अण्णांचा चष्मा आणि दीड मिलिमीटर

आजचा भाग आष्टीहून, आमच्या घराच्या ओसरीवरून. आष्टी म्हणजे परतूर तालुक्यातली, जालना जिल्ह्यातली, बीडची नव्हे. मागे कोंबडं ओरडलं तर समजून घ्या.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागच्या वर्षी अण्णांना प्रोग्रेसिव्ह चष्मा ऑनलाइन मागवून दिला. वरून लांबचं, खालून वाचायचं, मधे रेघ नाही. नंबर डॉक्टरांनी काढलेला होता. दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, मी मोबाइलच्या ॲपने काढली. ६४ मिलिमीटर.

फोनवर विचारलं की अण्णा म्हणायचे, "झकास आहे." दिवाळीला घरी आलो तेव्हा बघितलं, पेपर वाचताना हनुवटी वर, मान एका बाजूला. ओट्यावरून उतरताना भिंतीला हात. बहुतेक वेळ चष्मा खिशातच. आई हळूच म्हणाली, "तुला वाईट वाटू नये म्हणून बोलत नाहीत. परवा पायरी चुकली, पडता पडता राहिले."

पोटात खड्डा पडला, मंडळी.

मग वाचायला लागलो. प्रोग्रेसिव्ह काचेत स्वच्छ नजरेची वाट वरून खाली जाते आणि मधे ती अरुंद होते. दोन्ही बाजूंना धूसर. बाहुली त्या वाटेवर बसली नाही, तर नंबर बरोबर असूनही फायदा नाही. म्हणून दोन्ही डोळ्यांचं माप वेगवेगळं घ्यायचं, नाकाच्या मध्यापासून. आणि उंचीचं माप फ्रेम घालून.

परतूरहून नवी फ्रेम आणली आणि स्टीलची पट्टी घेऊन अण्णांसमोर बसलो, हातभर अंतरावर. नाकाच्या मध्यावर पेनाने ठिपका दिला. माझा उजवा डोळा मिटला, त्यांना माझ्या डाव्या डोळ्यात बघायला सांगितलं आणि पट्टीचा शून्य त्यांच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर धरला. पट्टी न हलवता डावा मिटला, उजवा उघडला. आता त्यांनी माझ्या उजव्या डोळ्यात बघायचं, मी त्यांच्या डाव्या बाहुलीवरचा आकडा वाचायचा. ठिपक्यावरचाही. असं तीनदा.

अण्णा म्हणाले, "फोटो काढायलाबी एवढा वेळ लागत नाही लेका."

उजवा ३०.५, डावा ३३.५. बेरीज ६४! ॲप चुकलंच नव्हतं. मीच त्या आकड्याचे सरळ दोन भाग करून ३२-३२ भरले होते. टोटल जुळली की सगळं बरोबर, ही आम्हा इंजिनिअर लोकांची सवय. दोन्हीकडे दीड-दीड मिलिमीटर गेला.

खात्रीही करता येते. प्रोग्रेसिव्ह काचेवर दोन अगदी फिकट खुणा कोरलेल्या असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. उजेडात तिरकी धरली की दिसतात. जुन्या काचांवर त्यांचा मध्य मोजला, तर तो खरंच ३२ वर होता.

मग उंची. आधी फ्रेम नाकावर नीट बसवली. अण्णांना लांबच्या लिंबाच्या झाडाकडे बघायला सांगून डेमो काचेवर बाहुलीसमोर मार्करचा ठिपका दिला. तिथून काचेच्या खालच्या कडेपर्यंत उजवीकडे २०, डावीकडे १९. पहिल्या वेळी हे माप मी घेतलंच नव्हतं.

आकडे घेऊन अण्णांसोबत परतूरला चष्म्याच्या दुकानात गेलो. त्यांनी स्वतः मोजलं. पीडी जुळली. उंची माझी एक मिलिमीटर जास्त निघाली, कारण मी खुर्चीवर होतो आणि अण्णा बाजेवर. डोळे एका पातळीत नव्हते. दुकानदारांनी आणखी एक सांगितलं, या चष्म्याने पायरी उतरताना मान खाली घालायची, नाहीतर पायरी वाचायच्या भागातून धूसर दिसते. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

तर घरी जरूर मोजा, पण काच बनवण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या. आणि "चष्मा कसा आहे?" असं फोनवर विचारू नका. समोर बसा, हातात पेपर द्या आणि त्यांची मान बघा.

आत्ता अण्णा पेपर वाचतायत. हनुवटी खाली आहे.

भेटू पुढच्या भागात.