कपाटाची किल्ली आणि संगणकाचा पासवर्ड

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी संगणकतज्ज्ञ नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. मराठी व इतिहास हे माझे विषय. अशा माणसाने संगणकाच्या सुरक्षिततेवर बोलावे हे काहीसे विचित्रच. पण मेळाव्याचे विषय ठरत असता मी सहज म्हणून गेलो की, या बाबतीत मी एकदा चांगलाच फसलो आहे. तेव्हा "मग सर, तुम्हीच बोला" असा निर्णय झाला. ती हकीकत पुढे येईलच.

माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या शाळेच्या कार्यालयात एक वयस्क हेडक्लार्क होते. जनरल रजिस्टर ज्या लोखंडी कपाटात असे, त्याची किल्ली ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवीत. मुख्याध्यापकांनी रजिस्टर मागविले तरी स्वतः उठून कपाट उघडीत, पण किल्ली कोणाच्या हाती देत नसत. आम्हा मुलांना त्याचे हसू येई. पुढे शिक्षक झाल्यावर कळले की, मुलाचे नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव, जात, धर्म हे सारे त्या रजिस्टरातील एका ओळीत असते आणि त्या ओळीत एक अक्षर बदलले तर पुढे दाखल्यासाठी आयुष्यभर खेटे घालावे लागतात. ती लोकांची अमानत होती व ते गृहस्थ तिला तसे जपत होते.

आज तीच ओळ संगणकात आहे. आणि किल्ली? आपल्या फलटणात पतसंस्था असो, वकिलांचे ऑफिस असो, दूध संकलन केंद्र असो की शाळा असो, पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटविलेली मी स्वतः पाहिली आहे. चहाला जाताना लिपिक पडदा तसाच उघडा टाकून जातो. त्याच लिपिकाला कपाटाची किल्ली मागून पाहा, तो देणार नाही! त्याला कपाट दिसते, संगणकातले कपाट दिसत नाही, एवढाच काय तो फरक. आपली कितीतरी मुले-मुली एमएस-सीआयटी करून अशाच टेबलांवर बसतात, कोणी बारामतीस तर कोणी पुण्यास जातात. त्यांनी पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्यावी. खुर्चीवरून उठताना कीबोर्डवरील विंडोज चिन्हाची कळ दाबून धरावयाची व 'एल' दाबावयाचा. पडदा बंद होतो, काम जसेच्या तसे राहते. याला एक पैसा लागत नाही.

हे सारे मोठ्या शहरांतील मोठ्या कचेऱ्यांचे प्रश्न, आपल्याला काय त्याचे, असे काहींना वाटेल. म्हणून आपल्याच भागातील उदाहरण घेतो. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी बँक. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतःच्या मनाने पैसे देत नाही. ते बँकेच्या मुख्य संगणकाला विचारते, या खात्यावर एवढी रक्कम आहे काय? 'आहे' असे उत्तर आले म्हणजे नोटा बाहेर येतात. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्राम शिरकवून या दोहोंच्या मध्ये एक खोटा उत्तर देणारा उभा केला. जणू काही कॅशियर आणि मॅनेजर यांच्यामध्ये एक तोतया शिपाई येऊन बसला व मॅनेजरला न दाखविताच प्रत्येक चिठ्ठीवर 'मंजूर' लिहून परत देऊ लागला.

दिवसही हेरून निवडलेला दिसतो. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून अडीच कोटी गेले, त्यांतील काही आपल्या शेजारच्या कोल्हापुरातील एटीएममधून. सोमवारी, १३ तारखेस, आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमच्याशी दोन शब्द स्वतंत्रपणे बोलावयाचे आहेत. दोषी ठरलेले हे लोक कोणी मोठे संगणकशास्त्रज्ञ नव्हते. कार्ड घ्यावयाचे, यंत्रासमोर उभे राहावयाचे, नोटा काढून पुढे द्यावयाच्या, हे असल्या टोळ्यांतील शेवटच्या माणसाचे काम असते. आज तुमच्यासारख्या मुलांना कोणी भेटतो व म्हणतो, तुझे बँक खाते व एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो. त्या खात्यात कोणाच्या तरी घामाचा चोरलेला पैसा येतो, आणि पोलीस येतात ते खाते ज्याच्या नावाचे त्याच्या दारात. सूत्रधाराचा पत्ता लागेल न लागेल, तुमचा पत्ता मात्र बँकेत लिहिलेला असतो.

दुसरे उदाहरण उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराचे. जून २०१७ च्या अखेरीस तेथील एका टर्मिनलचे काम एकाएकी ठप्प झाले. ते चालविणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील. त्या समूहाचे संगणक 'नॉटपेट्या' नावाच्या घातक प्रोग्रामने जगभर बंद पाडले होते. ज्या फटीतून असा प्रोग्राम एका संगणकातून दुसऱ्यात पसरत होता, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. आपल्या पडद्यावर 'अपडेट करा' अशी सूचना येते व आपण 'नंतर' दाबतो, तीच ही दुरुस्ती. संध्याकाळी काम संपले की ती होऊ द्यावी. आणि ज्या कचेऱ्यांत अजून विंडोज १० चालू आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की, तिचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

या मर्स्कच्या गोष्टीत एक मौजेचा भाग आहे. साऱ्या जाळ्याची मुख्य नोंदवही ज्या संगणकांवर होती ते सर्व एकदम नष्ट झाले. एकच प्रत वाचली, ती आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात. का वाचली? तेथे त्या वेळी वीज गेली होती! भारनियमनाला आपण आजवर शिव्याच दिल्या, पण तेथे एका वीज जाण्याने जगातील एक प्रचंड कंपनी उभी राहिली. आपण मात्र वीज जाण्याची वाट पाहू नये. शाळेचे, पतसंस्थेचे, दुकानाचे हिशेब दर आठवड्यास बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावेत आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. घातक प्रोग्राम तिलाही खातो.

आता माझी हकीकत.

लग्नसराईचे दिवस होते. मधल्या सुट्टीत माझ्या मोबाईलवर एका परिचिताच्या नंबरवरून 'शादी कार्ड' अशा नावाची फाईल आली. निमंत्रण समजून मी ती उघडली. पत्रिका काही दिसेना. फोन कसल्याशा परवानग्या मागू लागला, तिकडे घंटा झाली होती, म्हणून मी घाईने 'होय, होय' दाबत गेलो. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे होती. पत्रिका असती तर तेथे 'जेपीजी' किंवा 'पीडीएफ' असते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसविला जाणारा प्रोग्राम. परिचिताचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला होता, आता माझा गेला. तासाभरात माझ्याच नावाने तीच फाईल माझ्या वर्गाच्या पालकांना पोहोचली.

हे मला पाचव्या तासाला समजले. एका पालकाने शाळेच्या फोनवर विचारले, "सर, कुणाचं लग्न आहे?" आणि मी काय केले? काहीच केले नाही. सांगताना आजही संकोच वाटतो. मुख्याध्यापक काय म्हणतील, पालक काय म्हणतील, शिकलेला माणूस असा कसा फसला, या विचाराने मी तो संदेश पुसून टाकला, फोन बंद केला आणि शाळा सुटेपर्यंत गप्प बसलो. मनात म्हटले, कोणी उघडली नसेल.

उघडली होती. घरी शिलाईकाम करून दोन मुलांना शिकविणाऱ्या एका आपांनी ती उघडली. त्यांना कोणी फोन केला नाही, ओटीपी विचारला नाही. फोनमध्ये शिरलेला प्रोग्राम येणारे संदेश स्वतःच वाचत होता. सायंकाळपर्यंत त्यांच्या खात्यातून एकवीस हजार तीनशे रुपये गेले. भिशीचे पैसे होते ते. रात्री त्यांचा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा कोठे आम्ही १९३० हा क्रमांक लावला. काही रक्कम वाटेत अडविली गेली व पुढे काही महिन्यांनी आठ हजार परत मिळाले. बाकीचे मी हप्त्याने दिले. त्या घेत नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, फाईल तुमची होती म्हणून उघडली. दुपारी तुम्ही नुसतं सांगितलं असतं, उघडू नका, तरी बस होतं."

मला त्या दिवशी कोणी रागावले नाही, आणि तेच फार लागले. फसणे हा माझा गुन्हा नव्हता. ते तीन तास माझे होते.

म्हणून पालकहो, असा प्रसंग आलाच तर प्रथम फोनचे इंटरनेट बंद करा. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून बँकेला कळवा, १९३० लावा, आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे आपला नंबर आहे त्यांना सांगा. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात धावत असतो. पहिल्या तासात कळविले तर तो वाटेत धरता येतो, दुसऱ्या दिवशी तो नोटा होऊन गेलेला असतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकातही हेच सूत्र होते. बँकेचीही चूक नाही व ग्राहकाचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर भार नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तरी, कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे नुकसान. म्हणजे आपण ज्या घटकेस तोंड उघडतो त्या घटकेपासून कायद्याचा आधार सुरू होतो.

लाजेवरच जगणारा आणखी एक प्रकार म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसतो, तुमच्या नावावर गुन्हा आहे, कोणाला सांगू नका, पैसे भरा, असे म्हणतो. आपल्या देशाच्या कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही. आपल्या समाजातील वयस्क मंडळी पोलिसांच्या नावाने लवकर घाबरतात, हे आपण सर्व जाणतो. 'कोणाला सांगू नका' हे शब्द ऐकू आले की फोन ठेवावा व घरातल्या सर्वांना मोठ्याने सांगावे.

कार्यालयात बसणाऱ्यांसाठी काही किरकोळ पण उपयोगी गोष्टी सांगतो. पासवर्डमध्ये चिन्हे आणि आकडे कोंबण्याचा सल्ला अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरविणाऱ्या संस्थेने पूर्वी दिला होता. २०१७ साली तिनेच तो बदलला व लांबीवर भर दिला. 'डाळिंब सायकल छत्री मंगळवार' असे चार असंबद्ध शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले तर लक्षात राहतात आणि ओळखता येत नाहीत. (हेच चार शब्द मात्र घेऊ नका, आता ते या सभागृहात सर्वांना ठाऊक झाले.) एकाचे लॉगिन दुसऱ्याने वापरू नये, मग तो कितीही जिव्हाळ्याचा सहकारी असो. नागपूर विभागातील बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण २०२५ साली आपण वर्तमानपत्रांत वाचलेच. अशा चौकशीत पहिला प्रश्न एकच असतो, ही नोंद कोणाच्या लॉगिनवरून झाली?

एखाद्या व्यापाऱ्याचा 'आमचा खाते क्रमांक बदलला आहे' असा ईमेल आला तर पैसे पाठविण्यापूर्वी त्याच्या जुन्या, आपल्या वहीतल्या नंबरवर फोन करावा. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. बँकांची संकेतस्थळे रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आता 'डॉट बँक डॉट इन' या अक्षरांनी संपणाऱ्या पत्त्यावर आली आहेत, तेवढे शेपूट पाहून घ्यावे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन फक्त देताना लागतो. हे घरातील प्रत्येक आजी-आजोबांस पाठ करून द्यावे.

शिष्यवृत्तीच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात आधार, पासबुक, उत्पन्नाचा दाखला यांचा ढीग दुकानदाराच्या संगणकावर साठतो. मी त्या दुकानदारांना दोष देत नाही, गर्दीत त्यांना पुसायला वेळ नसतो. आपणच समोर उभे राहून आपली फाईल पुसून घ्यावी, आणि जेथे चालेल तेथे पहिले आठ आकडे झाकलेले आधार द्यावे. ते आधारच्या संकेतस्थळावरून मिळते.

शेवटची विनंती संस्थाचालक व कार्यालयप्रमुखांना आहे. तुमच्या कार्यालयातील एखादा नवा मुलगा, एखादी मुलगी तुमच्यापुढे येऊन म्हणेल, "सर, माझ्याकडून एक चुकीची फाईल उघडली गेली." त्या वेळी तुम्ही पहिल्या वाक्यात काय बोलता, यावर पुढच्या वेळी ते तुमच्याकडे येतील की माझ्यासारखे गप्प बसतील, हे ठरणार आहे.

येत्या दोन शनिवारी शाळा सुटल्यावर मी संगणक कक्षात बसणार आहे. ज्या पालकांना फोनमधील नको असलेले ॲप काढून घ्यावयाचे असेल, परवानग्या तपासून घ्यावयाच्या असतील, त्यांनी फोन घेऊन जरूर यावे. भगिनींसाठी शिक्षिकाही बसणार आहेत. फक्त पासवर्ड आम्हांला सांगू नये. तो तुमचा तुम्हीच टाकावा, आम्ही तोंड फिरवून उभे राहू.