नकारपत्राला उत्तर



व्याख्यानमालेच्या चालकांना वाटले होते की, आमच्यासारखा युनियनचा माणूस बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेल. आम्ही कळवले की, परदेशच्या सरकारने नवराबायकोला एकत्र राहण्याची परवानगी नाकारली, तर दुसरा अर्ज कसा करावा, यावर बोलू. त्यांना नवल वाटले. पण शिरूर आणि दौंड ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते वाटू नये. दौंड पडले रेल्वेचे जंक्शन. तिथल्या अँग्लो-इंडियन घरांतली माणसे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली, तेव्हापासून त्या गावाला परदेशच्या कागदांची ओळख आहे. पुढे शिरूरजवळ रांजणगावला आणि दौंडजवळ कुरकुंभला कारखाने आले. कामगारांची मुले शिकली, परदेशी गेली, काही तिथलीच नागरिक झाली आणि लग्नाला मात्र गावी आली. तेव्हा त्या देशाचा कायदा जिला 'परदेशी पत्नी' म्हणतो ती कोणी मडम नव्हे. ती आपल्याच गावची लेक असते. नवऱ्याने तिची हमी घ्यायची, सरकारने लग्न तपासायचे, आणि तोवर तिने माहेरी वाट पाहायची.

आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण आरोपपत्रे वाचण्यात आणि त्यांना उत्तरे लिहिण्यात झाले. आज बोलतो ते त्याच शिदोरीवर.

प्रथम हे ध्यानात घ्या की, हा प्रश्न नवा नाही. कॅनडाने १९०८ साली नियम केला की, येणाऱ्याने आपल्या देशातून सलग एकाच प्रवासात आले पाहिजे. हिंदुस्थानातून थेट बोटीची सोयच नव्हती! नियमात हिंदी माणसाचे नाव नव्हते, पण दार त्याच्यावरच बंद झाले. आधी गेलेल्यांच्या बायकामुलांना १९१९ साली कुठे वाट मोकळी झाली.

दक्षिण आफ्रिकेत तर याहून मोठी गोष्ट घडली. तिथे राहणाऱ्या एका हिंदी मुसलमान गृहस्थाच्या पत्नीला बंदरावर उतरू दिले नाही. प्रकरण केपच्या न्यायालयात गेले आणि मार्च १९१३ मध्ये न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करता येतात त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह कायद्याला मान्य नाही. एका कागदाने असंख्य हिंदी बायकांचे पत्नीपण धोक्यात आले. तेव्हा कस्तुरबांसह बायका तुरुंगात गेल्या. काही बायकांनी न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर जाऊन मजुरांना साद घातली आणि ऑक्टोबर १९१३ मध्ये मजुरांनी संप पुकारला. मागणी तीन पौंडांचा जाचक कर रद्द करण्याची होती, आणि त्याच लढ्यात विवाहाच्या मान्यतेचीही होती. १९१४ च्या कायद्याने कर गेला आणि एकपत्नी विवाहाला मान्यता मिळाली. चळवळीतल्या माणसांनी हा इतिहास विसरू नये. बायकोला घरी आणण्याचा हक्क हाही कामगारांचाच प्रश्न आहे.

ब्रिटनने १९८० च्या दशकात आणखी एक युक्ती काढली. येणाऱ्या नवऱ्याने सिद्ध करायचे की, लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही. पुढे हा नियम बायकांनाही लागला. आता जे मनात नाही ते नाही असे कसे सिद्ध करावे? १९९७ साली तो नियम गेला. २०१२ साली त्याच देशाने उत्पन्नाची अट घातली : जोडीदाराला आणायचे तर वर्षाला १८,६०० पौंड मिळकत हवी. एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. म्हणजे आता लग्नाचे मोल पगारपत्रकावर ठरते.

इतिहास सांगितला तो एवढ्यासाठी की, नकारपत्र हाती आले की आपला माणूस ते कपाळावरचा लेख समजतो. घरात सुतक असल्यासारखे होते. शेजारी कुजबुजतात की, पोरीतच काही खोट असेल. मंडळी, नकारपत्र हा तुमच्या संसाराचा निकाल नव्हे. एका कारकुनाने काही कागद पाहिले आणि त्याची खात्री पटली नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे. ते आरोपपत्रासारखे वाचावे. आरोप किती, कोणत्या कलमाखाली, कोणत्या कागदावरून, हे आधी मांडून घ्यावे. उदाहरणार्थ, कॅनडाच्या नियमात दोन वेगळी बोटे ठेवली आहेत : लग्न खरे नाही, किंवा ते मुख्यतः प्रवेशासाठी केले. २०१० पासून यांतले एकही पुरते. तेव्हा उत्तर दोन्हींचे द्यावे लागते. अधिकाऱ्याने फाइलीत केलेली टिपणेही तिथल्या माहितीच्या कायद्याखाली मागता येतात. पत्रात दोन ओळी असतात, टिपणात खरे कारण सापडते.

आमच्या कचेरीत असेच एक जोडपे आले होते. देशाचे नाव सांगत नाही. पहिल्या अर्जाला नकार आला होता आणि नवरा तीच कागदांची चळत पुन्हा पाठवायला निघाला होता. तीच याचिका पुन्हा दिली तर निकाल वेगळा कसा लागेल? आम्ही त्याला बसवले आणि तिघांनी मिळून आरोप काढले. ते तीन निघाले.

पहिला आरोप : ओळख नसता घाईने लग्न. मुलाला रजा अठरा दिवसांची. त्यात बघण्याचा कार्यक्रम, बोलणी, साखरपुडा, हळद, लग्न सारे उरकले. आपल्याला यात काही वावगे दिसत नाही. पण जिथे माणसे वर्षानुवर्षे हिंडून मग लग्न करतात तिथल्या अधिकाऱ्याला हे नाटक वाटते. त्याला रागावून उपयोग नाही, समजावले पाहिजे. स्थळ कोणी आणले, मध्यस्थ कोण, बैठक कुठे झाली, लग्नाला कोण आले, हे मुलीने आपल्या शब्दांत लिहिले. सोबत लग्नपत्रिका, मध्यस्थाचे प्रतिज्ञापत्र आणि ग्रामपंचायतीतला नोंदणीचा दाखला जोडला.

दुसरा आरोप : जन्मतारखा दोन. आता हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या खेड्यांत कितीजण १ जूनला जन्मले आहेत ते शाळेचे रजिस्टर पाहा! गुरुजींनी पोर शाळेत घेताना सोयीची तारीख लिहिली, ग्रामपंचायतीत खरी राहिली. नावाचेही तेच. दाखल्यावर बापाचे नाव, आधारावर नवऱ्याचे, आणि सासरी नाव बदलले असेल तर तिसरेच. अधिकारी म्हणतो, या तीन बायका कोण? म्हणून नावातला बदल सरकारी राजपत्रात छापून घ्यावा आणि तारखेतला फरक कसा पडला हे प्रतिज्ञापत्रावर सांगावे. फरक लपवला की संशय वाढतो, उलगडून सांगितला की मिटतो.

तिसरा आरोप : लग्नानंतर संबंधाचा पुरावा नाही. ती दोघे रोज फोनवर बोलत. पण पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, बोलण्याच्या नोंदी, त्याच्या पुढच्या भेटीची तिकिटे यांतले काही जोडलेच नव्हते. मुलाखतीत तिला विचारले, नवऱ्याची पाळी कोणती? तिला सांगता आले नाही. आपल्याकडे कित्येक घरांत अजून नवऱ्याचे नाव उखाण्यातच घेतात, तिथे त्याच्या पाळीची चौकशी ती कशी करणार? पण आता करावी. प्रेमाला पुरावा लागतो ही गोष्ट बोचते खरी. तरी पावती जपून ठेवावी.

मुदतीचे तेवढे विसरू नका. कॅनडात हमीदाराला अपील करायला ३० दिवस मिळतात आणि तिथे नवा पुरावा मांडता येतो. ब्रिटनबाहेरून अर्ज करणाऱ्याला, अपिलाचा हक्क असेल तर, २८ दिवस मिळतात. कागद अपुरे होते म्हणून नकार असेल, तर नवा अर्ज बरा. कागद पुरे असून अधिकाऱ्याने चुकीचा अर्थ काढला असेल, तर अपील बरे. आणि अपील हरल्यावर तेच कागद घेऊन परत दार ठोठावले, तर निकाल लागलेली गोष्ट पुन्हा ऐकत नाहीत.

एजंट सांगतो, 'हा मुद्दा गाळा, ती तारीख बदला.' त्याचे ऐकू नका. पहिला अर्ज त्यांच्या फाइलीत जिवंत असतो आणि दुसरा त्याच्याशेजारी ठेवून वाचतात. कॅनडात खोटी माहिती दिल्यास पाच वर्षे दार बंद होते. साधी उणीव दुरुस्त होते, खोटे सहसा होत नाही.

त्या जोडप्याचा दुसरा अर्ज मंजूर झाला. पण दोन अर्जांच्या मध्ये दीड वर्ष गेले. कामावरून अन्यायाने काढलेल्या कामगाराला मागचा पगार मागता येतो. या दोघांना त्या दीड वर्षाची भरपाई कोणत्या कोर्टात मागता येईल?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर जून २०२४ मध्ये सांगितले की, परदेशी जोडीदाराला देशात घ्यावेच असा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. आपणही फार उजळ माथ्याने बोलू नये. परदेशी सुनेला भारताचे नागरिकत्व हवे, तर १९५५ च्या कायद्याप्रमाणे सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. आणि सरकारने ताटातूट करण्याआधी आपल्या पगारांनी ती केलीच होती. मुंबईच्या गिरणीत नवरा, कोकणात किंवा घाटावर बायको, आणि भेट गणपतीला नाही तर जत्रेला. खोलीचे भाडे परवडत नव्हते हाच तेव्हाचा व्हिसा होता. ब्रिटनच्या २९,००० पौंडांत आम्हांला तोच हिशेब दिसतो. थोड्या पगाराच्या माणसाने संसार दुरूनच करावा, असे दोन्हींचे म्हणणे.

म्हणून आमचे सांगणे दुहेरी आहे. नियम अन्यायाचा असेल तर त्याविरुद्ध बोलत राहावे. न्यूकॅसलच्या मजुरांनी दाखवले की नियम बदलतात. पण नियम बदलेपर्यंत आपल्या गावच्या मुलीला एकटी सोडू नये. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याने लिहून द्यावा, लग्नाला जेवून गेलेल्याने साक्ष द्यावी, ग्रामपंचायतीने दाखला वेळेवर द्यावा. नकार एकटीच्या नावावर येतो, पण उत्तर सगळ्या गावाने मिळून द्यायचे असते.