कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर?

कादंबऱ्यांची मालिका करताना काटछाट होणारच. ती कुणावर बेतते, एवढं बघू या.

जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ ते २०१९ चालली. कादंबरीत क्रूर रॅमसेशी जेन नावाच्या दुय्यम पात्राचं लग्न लावतात. सान्सा तेव्हा दूर, दुसऱ्याच प्रदेशात असते. मालिकेने २०१५ मध्ये जेनच्या जागी सान्साला आणलं. लग्नाच्या रात्री तिच्यावर बलात्कार होतो आणि कॅमेरा सरकतो थिऑनच्या चेहऱ्यावर, कारण त्याला ते बळजबरीने बघायला लावलेलं असतं. वेदना तिची, क्लोजअप त्याचा! (कादंबरीतही जेनची कहाणी थिऑनच्याच नजरेतून येते, तीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.)

मला जास्त खटकलं ते २०१९ मधलं. हे सगळं भोगलं नसतं तर आपण दुबळ्याच राहिलो असतो, अशा अर्थाचं सान्सा बोलते. समुपदेशनाला येणाऱ्या बायकांना नातेवाईक हेच ऐकवतात: झालं त्यातूनच तू घडलीस ना! मी पाहिलेल्या बायका उभ्या राहिल्या त्या हातातल्या कमाईवर, शेजारणीने रात्री उघडलेल्या दारामुळे, कोर्टाच्या प्रत्येक तारखेला सोबत आलेल्या एखाद्या बहिणीमुळे.