काचेतील जलचर आणि आपले अणुव्रत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



‘अहिंसा’ या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा ट्रस्टकडून मला झाली. मी कापडाचा व्यापारी, शिक्षण वाणिज्य शाखेचे. शास्त्राचा अधिकार मजकडे नाही. म्हणून त्या महासागरात न उतरता मी दोन फूट लांबीच्या एका काचपेटीपुरतेच बोलणार आहे. ही पेटी पंधरा वर्षे माझ्याच दुकानात होती.

जुलै २०२२ मध्ये आसनेच्या पुराचे पाणी आपल्या कुरुंद्यात शिरले, तो प्रसंग कोणीही विसरलेले नाही. माझ्या दुकानातील खालच्या फळीवरचे सर्व ताके चिखलात गेले. मत्स्यपेटी उलथली, मासे वाहून गेले. गाळ काढण्यास आलेल्या भोई समाजातील एका मजुरास मागच्या अंगणातील डबक्यात एक काळा मासा जिवंत सापडला. त्याने तो बादलीत घातला आणि सहज विचारले, “शेठजी, ह्याला खायाचं का सोडायचं?”

मी संतापलो. जैनाच्या दारात हा प्रश्न! तो शांतपणे म्हणाला, “खायाचं नाय, तर मग एवढे वर्सं कोंडून कशापायी ठिवलं?”

त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ होते. आपल्याला तो प्रश्न पडत नाही, परंतु शेजारधर्म म्हणून इतर समाजातील बांधवांना ते सांगावे असे आहे. गोल्डफिश जातीने विषारी नाही. तो रोहू-कटल्याच्याच कुळातला. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी साध्या, खाण्याच्या माशांतून सोनेरी तेवढे निवडून ही जात पैदा केली गेली. धोका आहे तो पेटीतील औषधांचा. माशाला बुरशी लागली, पांढरे ठिपके आले की दुकानदार लहान बाटल्या देतात. त्यांवरील नावे वाचून मी चमकलो होतो : मॅलाकाइट ग्रीन आणि मिथिलीन ब्लू. हे तर आमच्या धंद्यातले रंग! दोन्ही १८७६-७७ च्या सुमारास जर्मनीत तयार झाले. हिरवा रेशीम, लोकर, चामडे रंगविण्यासाठी वापरला जाई. हा हिरवा माशाच्या शरीरात रंगहीन रूप घेऊन दीर्घकाळ राहतो आणि शिजविल्यानेही पुरता जात नाही. त्यापासून कर्करोगाची शंका असल्याने युरोप-अमेरिकेत खाण्याच्या माशांवर त्याचा वापर निषिद्ध आहे. शोभेच्या माशाला मात्र तो सर्रास दिला जातो, कारण हा कोणाच्या ताटात जाईल असे कोणी गृहीतच धरत नाही. तेव्हा मांसाहारी माणसानेही पेटीतला मासा खाऊ नये.

हे मी त्या मजुरास सांगितले. तो हसला. दुसरा प्रश्न तसाच राहिला.

त्या आठवड्यात भिजलेल्या वह्या मी गच्चीवर वाळत घातल्या होत्या. पाने उलटताना ‘किरकोळ खर्च – मासे’ अशी नोंद दिसली, पुढे पुन्हा दिसली. हिशेबाची सवय म्हणून बेरीज केली. वाचता आलेल्या वह्यांतच ३७ मासे निघाले! २००७ साली एका वास्तुतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून ईशान्य कोपऱ्यात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे मी ठेवले. एखादा मेला की त्याने घरावरचे संकट अंगावर घेतले असे समजायचे आणि नवा आणायचा. मंदिरात रोज ऐकायचे की ज्याने कर्म बांधले त्यानेच ते भोगायचे, आणि दुकानात येऊन आपले भोग नऊ मुक्या जिवांच्या नावे टाकायचे. वाणिज्याच्या भाषेत यास खोटी जमाखर्ची नोंद म्हणतात.

संकट कोणाचेच कोणी घेतले नव्हते. त्या काळी भारनियमन तासन्‌तास चाले. वीज गेली की हवेचा पंप बंद. दोन फुटी पेटीत नऊ मासे, त्यांच्याच मलातून पाण्यात अमोनिया वाढे, प्राणवायू घटे. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करीत आणि गिऱ्हाइकांची मुले म्हणत, “बघा, मासा बोलतोय!”

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपण ‘वध’ या शब्दाशी थांबतो आणि हात स्वच्छ आहेत म्हणून समाधान मानतो. सूत्रात मात्र बंध पहिला आहे. कोणी म्हणेल, गाय आपण दावणीला बांधतोच की. श्रावकाचारावर लिहिणाऱ्यांनी त्याचाही विचार केला आहे. निष्कारण बांधू नये, प्रयोजनाने बांधावे लागले तर गाठ सैल असावी, म्हणजे आग लागल्यास पशूला सुटून जाता येईल. काचेला सैल गाठ कशी मारणार? आणि प्रयोजन तरी कोणते, तर गल्ल्याची शोभा. मासा हा पंचेंद्रिय तिर्यंच, जलचर. भगवान अरनाथांचे लांछनही मत्स्यच.

मुलांना त्यातून जीवदया शिकता येते, असाही युक्तिवाद होतो. माझ्या नातवाने काय शिकले ते सांगतो. मेलेला मासा पाहून तो विचारी, “आजोबा, नवीन कधी आणायचा?”

मग सोडून द्यावेत का? येथे आपल्या भावनेला आवर हवा. शोभेसाठी आणलेला, काच साफ करणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा आज भीमेवरील उजनी जलाशयात पसरला आहे. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात, देशी मासे मागे पडतात. कोणाच्या तरी घरातील पेटीच नदीत रिकामी झाली असणार. पर्वकाळात मासे विकत घेऊन नदीत सोडणारे भाविकही आहेत. त्यांच्या भावनेस माझा नमस्कार, परंतु दुकानदार पुढच्या वर्षी दुप्पट माल मागवतो, हे व्यापारी या नात्याने मला ठाऊक आहे.

मृगसेन धीवराची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडण्याचे व्रत त्याने घेतले. सोडलेला मासा ओळखता यावा म्हणून त्यास खुणेची चिंधी बांधली. दिवसभरात तोच मासा पाच वेळा आला, पाचही वेळा त्याने सोडला आणि तो रिकाम्या हाताने घरी गेला. त्याचे पोट त्या धंद्यावर होते. माझे तर नव्हते.

आता हा विषय आजच का काढला ते सांगतो. आपल्या अतिथिभवनाच्या दर्शनी दालनासाठी एका दानशूर बंधूंनी मोठी मत्स्यपेटी देऊ केली आहे. त्यांचा हेतू निर्मळ आहे, आणि त्यांना दुखवणे मला जड जाते. तरीही विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे की ही पेटी स्वीकारू नये. त्या रकमेतून बाजाराच्या दिवशी येणाऱ्या गुरांसाठी पाण्याचा हौद बांधावा आणि त्यावर त्या बंधूंचेच नाव घालावे. ज्यांच्या घरी आज मासे आहेत त्यांनी ते नदीत सोडू नयेत. आहेत तेवढे मोठ्या जागेत, स्वच्छ पाण्यात, आयुष्य संपेपर्यंत सांभाळावेत आणि नवीन आणू नयेत.

तो काळा मासा मी परसातील सिमेंटच्या हौदात ठेवला आहे. वर सावली आहे, पाण्यात वनस्पती आहेत, विजेचा संबंध नाही. तोही बंधच आहे, हे मी जाणतो. दर चतुर्दशीस हौदाचे थोडे पाणी बदलताना त्या मजुराचा प्रश्न आठवतो.