पाण्याचे बिल फुगले तर



घरात पाहुणे नाहीत, लग्नकार्य नाही, बांधकाम काढलेले नाही. आणि एके दिवशी पाण्याचे बिल येते ते नेहमीच्या जवळजवळ तिप्पट. मग घरात काय होते ते तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. घरधनी म्हणतो, कपडे धुताना नळ तसाच सोडता. घरधनीण म्हणते, तुमच्या आंघोळी बघा आधी. शेवटी दोघांचे एकमत होते, की मीटरच खोटा, नाहीतर शेजाऱ्याने आपल्या पायपाला जोड दिला आहे. बिल राहते बाजूला आणि भांडण पेटते. तेव्हा आज माझे सांगणे एवढेच, की असे बिल आले तर माणसाला बोल लावण्याआधी मीटरपाशी जावे.

एक उदाहरण सांगतो. तालुक्याच्या गावी एक शिक्षक भाड्याने राहत होते. खाली घरमालक, वर मास्तर. नळजोडणी एक, मीटर एक, गच्चीवरची टाकीही एकच. दोन्ही बिऱ्हाडे मिळून माणसे सात. दोन महिन्यांचे बिल २४ युनिटांच्या आसपास येई आणि दोघे वाटून भरत. एकदा ते आले ६८ युनिटांचे! मालक म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडे शिकवणीची पोरं फार येतात हल्ली. जास्तीचे पैसे तुम्ही भरा, नाहीतर दुसरी जागा बघा." मास्तरांनी उलट उत्तर दिले नाही. त्यांनी वही आणि पेन्सिल काढली.

आता त्यांचा हिशेब आपणही करू या. पाण्याचे एक युनिट म्हणजे बहुतेक ठिकाणी एक घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, म्हणजे २०० लिटरची पाच पिंपे. नेहमीपेक्षा ४४ युनिटे जास्त, म्हणजे २२० पिंपे. शिकवणीची पोरे एवढे पाणी पितील का हो? ४४,००० लिटरांना ६० दिवसांनी भागा: दिवसाला सुमारे ७३३ लिटर. त्याला २४ ने भागा: तासाला ३० लिटर. मिनिटाला अर्धा लिटर. म्हणजे कुठेतरी बारीकशी धार रात्रंदिवस चालू असली, तरी एवढे बिल येऊ शकते. हिशेबाने चोर सापडत नाही, पण चोर केवढा आहे ते कळते.

चोर शोधायचा तर पहिली जागा म्हणजे खुद्द बिलाचा कागद. त्यावर मागचे वाचन, आताचे वाचन आणि दोन्ही तारखा असतात. बिल किती दिवसांचे आहे ते मोजा. मागची थकबाकी त्यात मिळवली आहे का ते पाहा. कुठे 'सरासरी' असा शेरा आहे का? घराला कुलूप असले किंवा मीटर वाचता आला नाही, तर अंदाजाने बिल देतात; आणि पुढे खरे वाचन झाले, की राहून गेलेले सगळे पाणी एकाच बिलात येऊन पडते. पुष्कळ ठिकाणी दर टप्प्याटप्प्याने चढतो. कराडजवळच्या मलकापुरात मीटरवर चोवीस तास पाणी देताना अशीच रीत ठेवली: कमी वापर त्याला कमी दर, जास्त वापर त्याला चढा दर. तेव्हा सहा महिन्यांचे पाणी एका बिलात आले, तर ते नाहक वरच्या टप्प्यात जाते. अशा वेळी वापर त्या त्या महिन्यांवर वाटून बिल करून द्या, असे अर्जात मागावे.

दुसरी जागा मीटर. झाकण उघडून काच पुसा. साधारणपणे काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे त्याचे अंश. बहुतेक मीटरांत एक चिमुकले चाकही असते. थेंबभर पाणी सरकले तरी ते फिरते. काळे आकडे बिलावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. तुमचा आजचा आकडा बिलातल्या आकड्याहून कमी असेल, तर चूक वाचनाची आहे. तिथेच शोध संपला.

आकडे जुळले तर गळती शोधायची. इथे पुष्कळांची फसगत होते. ते म्हणतात, सगळे नळ बंद केले, मीटर फिरत नाही, म्हणजे गळती नाही. पण ज्यांच्या गच्चीवर टाकी आहे त्यांनी दोन परीक्षा घ्यायच्या असतात. पहिली, मीटरपासून टाकीपर्यंतची. पाणी आले असताना टाकीत पडणारा नळ आणि खालचे नळ बंद करा. तरीही मीटर फिरतो? मग मधल्या पायपातून पाणी जाते आहे. दुसरी, टाकीपासून तोटीपर्यंतची. पाणी येणे थांबल्यावर, रात्री निजण्यापूर्वी, टाकीतली पातळी काठीवर खूण करून घ्या. रात्रीत पाणी वापरू नका. सकाळी तीच काठी बुडवून बघा. त्याशिवाय टाकी भरल्यावर पाणी आपोआप थांबते, की नळीवाटे वाहून जाते, तेही एकदा वर चढून बघावे.

मास्तरांनी काठी लावली. सकाळी पाणी वीतभर उतरलेले. एकही तोटी ठिबकत नव्हती. राहिली संडासातली फ्लशची टाकी. तिची गळती कानाला ऐकू येत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. तिला घरगुती उपाय आहे. त्या टाकीत थोडी कपड्याची नीळ कालवा आणि वीस मिनिटे कोणी पाणी सोडू नका. खाली भांड्यात निळे पाणी उतरले, की समजा आतला रबरी वायसर झिजला आहे. मास्तरांनी आधी आपल्या घरी नीळ घातली. पाणी स्वच्छ राहिले. मग त्यांनी मालकांना विनंती केली. मालकांच्या भांड्यात निळे पाणी उतरले. वायसर त्याच दिवशी बदलला. पुढचे बिल पुन्हा २४ च्या आसपास आले आणि मास्तरांना जागा सोडावी लागली नाही.

आता मीटरच जास्त धावत असेल तर? त्याचीही परीक्षा घरी होते. आधी वाचन टिपा, दुसरे सगळे नळ बंद ठेवा आणि मीटरच्या पाण्याने २०० लिटरचे पिंप काठोकाठ भरा. वाचनात ०.२०० घनमीटरचा फरक पडला पाहिजे. थोडे इकडेतिकडे झाले तर ते पिंपामुळेही असेल. पण तीनदा भरून तीनदा पाव हिस्सा जास्त आला, तर मीटर तपासून मागण्याचा तुमचा हक्क आहे. आणखी एक. जिथे पाणी दिवसातून तासभरच येते, तिथे रिकाम्या पायपातली हवा पाण्याच्या पुढे धावते आणि तिनेही मीटर फिरतो. पाणी यायच्या आधी फुसफुस आवाज होऊन चाक गरगरत असेल, तर तेही अर्जात लिहा.

अर्ज तोंडी करू नये, लेखी करावा. त्यात चार-पाच दिवसांची वाचने तारखांसह द्यावीत, मोबाइलवर मीटरचे फोटो काढून जोडावेत आणि प्रतीवर पोच घ्यावी. वाद आहे म्हणून बिल तसेच पडू देऊ नये. निर्णय होईपर्यंत नेहमीच्या सरासरीइतकी रक्कम भरून घ्यावी, अशी विनंती त्याच अर्जात करावी. मीटरवाचनाच्या नोंदीची नक्कल माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली मागता येते.

कोणी म्हणेल, आमच्या गावात मीटरच नाही. ठरलेली पाणीपट्टी भरली की झाले. खरे आहे, पण बिल तिथेही आहे, फक्त ते तुमच्या नावाने येत नाही. पंपाच्या विजेचे बिल ग्रामपंचायत भरते आणि गळून गेलेले पाणी चढवायलाही तीच वीज लागते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होते. आपल्या मास्तरांच्या त्या एका वायसरमधून रोज याच्या अडीचपटीहून जास्त पाणी गेले!

आणि पैशाहून मोठी गोष्ट पुढेच आहे. जमिनीतल्या पायपाला भोक पडले, तर पाणी चालू असताना ते बाहेर येते. पण पाणी बंद झाले आणि पाइप रिकामा झाला, की त्याच भोकातून भोवतीचे पाणी आत शिरते. शेजारून गटार वाहत असेल, तर गटाराचे. दुसऱ्या दिवशीची पहिली धार तेच घेऊन आपल्या घागरीत येते. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांना घरात यायला तेवढी वाट पुरते. म्हणून पहिल्या परीक्षेत मीटर फिरताना दिसला, किंवा पायपाच्या वाटेवर जमीन सदा ओली दिसली, तर बिल परवडते म्हणून गप्प बसू नका. पाइप दुरुस्त होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून घ्या, आणि रस्त्याखालची गळती असेल तर ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. घनफळाचा पाठ शिकवाल, तेव्हा मुलांना शाळेच्या टाकीपाशी न्या. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच टाकी म्हणजे दीड घनमीटर, म्हणजे १,५०० लिटर, हे तिथे चटकन उमजते. ठिबकत्या तोटीखाली तासभर तांब्या ठेवून साचलेले पाणी मोजायला सांगा आणि त्याला २४ ने गुणू द्या. आणि तुम्ही, गृहस्थाश्रमी मंडळींनी, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. एक मिनिटाचे काम आहे. गळती लागली तर ती दोन महिन्यांनी बिलात दिसण्याआधी तुमच्या भिंतीवर दिसेल. आणि घरात, शेजारात, कोणावर नाहक आळ घेण्याची वेळ येणार नाही.