छातीतले पाणी आणि मागे राहिलेला वण



आज आपण छातीच्या एका दुखण्याविषयी बोलणार आहोत. या दुखण्याला आपल्या बोलीत सरळ नाव नाही. डॉक्टरांच्या कागदावर ते 'प्लुरल थिकनिंग' असे लिहिलेले असते. नाव ऐकूनच माणूस घाबरतो. आपण त्याला 'फुप्फुसाच्या वेष्टनाचे जाड होणे' म्हणू. म्हणजे ते काय आहे, हे समजायला सोपे जाईल.

आपल्या छातीत दोन फुप्फुसे असतात. प्रत्येक फुप्फुसावर एक पातळ पापुद्रा असतो. तसाच दुसरा पापुद्रा बरगड्यांच्या आतल्या बाजूला असतो. या दोघांच्या मध्ये थोडासा ओलावा असतो. फार नाही, चमचा-दोन चमचे. त्या ओलाव्यामुळे श्वास घेताना दोन्ही पापुद्रे एकमेकांवरून अलगद सरकतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून पाहा. कशा सरकतात!

आता या पापुद्र्यांना सूज आली, की त्यांच्यात पाणी साठते. 'छातीत पाणी झालं' असे आपण म्हणतो ते हेच. काही लोकांना वाटते, पाणी पिताना ठसका लागला म्हणून ते छातीत गेले. तसे नव्हे. हे पाणी बाहेरून येत नाही, आतच पाझरते. आपल्या देशात त्याचे एक मोठे कारण म्हणजे क्षयरोग. पण हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडले तरी पाणी होते. न्यूमोनियानंतर होते, कधी कर्करोगानेही होते. म्हणून डॉक्टर पाठीतून सुई घालून थोडे पाणी काढतात आणि तपासायला पाठवतात. सुईने अंगातली ताकद निघून जाते, असे कोणी सांगितले तर ऐकू नये. पाणी तपासल्याशिवाय औषध कोणते द्यायचे, हे डॉक्टरांना तरी कसे कळावे?

क्षयाचे जंतू आहेत, हे रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८८२ साली दाखवून दिले. त्यापुढे कितीतरी वर्षे खात्रीचे औषध नव्हते. रोग्याला गावाबाहेर, थंड हवेच्या आरोग्यधामात ठेवत. मग औषधे निघाली. १९५६ साली मद्रासला एक पाहणी सुरू झाली. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या गरीब घरीच औषध दिले. घरी राहणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले. त्यांच्या घरच्या माणसांना रोग जास्त लागला, असेही दिसले नाही. हे १९५९ साली प्रसिद्ध झाले. घर सोडून जायला नको, पण औषध सोडायला नको, हे तेव्हापासून जगाला कळले.

आज छातीच्या क्षयाचे औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. खाण्यापिण्यासाठी २०१८ सालापासून रोग्याच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये येऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. खाते नसेल तर आधी उघडून घ्या. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. पण डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना गेली, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा दिसायला कमी आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पाणी आटते. ताप जातो. वजन वाढते. माणूस कामाला लागतो. मग छातीचा फोटो काढला, तर खालचा एक कोपरा बुजलेला, पांढरट दिसतो. ते काय असते? तो वण असतो. विळा लागून बोट कापले तर जखम भरते, पण वण राहतो ना? तसाच. सूज आलेले पापुद्रे जाड होतात, कधी एकमेकांना चिकटतात. फुग्यावर जाड कातड्याची पिशवी शिवली तर फुगा पुरता फुगेल का? तसे त्या बाजूचे फुप्फुस थोडे कमी फुगते. वण लहान असेल तर माणसाला पत्ताही लागत नाही. पुष्कळांचा वण पुढच्या काही महिन्यांत आणखी पातळ होतो. मोठा असेल तर चढ चढताना दम लागतो आणि कुशीत ओढल्यासारखे दुखते.

आमच्या माहितीतले एक ऊसतोडणी कामगार आहेत. त्यांचे नाव सांगत नाही. त्यांनी सहा महिने औषध नेमाने घेतले, एक दिवस चुकवला नाही. दोन वर्षांनी साधा खोकला झाला म्हणून दुसऱ्या गावी फोटो काढला. फोटोत डाग दिसला. कोणी थुंकी तपासली नाही, जुना फोटो मागितला नाही. "क्षय उलटला" म्हणून पुन्हा औषध सुरू केले. घरात त्यांचे ताट-तांब्या वेगळे झाले. मुलीचे ठरत आलेले लग्न अडले. माणूस ओसरीवर बसून राहिला. शेवटी मोठ्या दवाखान्यात जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी धरून पाहिले. डाग होता तसाच होता. थुंकीत जंतू नव्हते. रोग नव्हताच, तो वण होता. पण तोवर अख्खा हंगाम बुडाला होता. एका काळ्या कागदापायी घराची किती ओढाताण झाली!

म्हणून आमचे पहिले सांगणे हे, की जुना फोटो फेकू नका. घडी घालू नका, गादीखाली ठेवू नका. पाकिटात घालून जमिनीच्या कागदांबरोबर ठेवा. औषध पूर्ण झाल्याची चिठ्ठीही त्यात ठेवा. औषध संपतानाचा फोटो सगळ्यांत मोलाचा. पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तर आधी ते पाकीट पुढे करा. वण विरघळवणारी गोळी नाही, मात्रा नाही, काढा नाही. कोणी तसे सांगून पैसे मागितले तर सरळ उठून यावे.

मग करायचे काय? तर फुप्फुसाला फुगायची सवय लावायची. भिंतीला टेकून ताठ बसा. ज्या बाजूला वण आहे, त्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर हाताचा पंजा ठेवा. आता नाकाने सावकाश श्वास घ्या. हात बाहेर ढकलला गेला पाहिजे. मनात एक, दोन, तीन म्हणा. मग बशीतला चहा गार करायला फुंकतो, तसे ओठ करून हळूहळू श्वास सोडा. घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लावा. असे पाच-सहा वेळा करा आणि थांबा. घेरी आल्यासारखे वाटले तर लगेच थांबा. दिवसातून तीन-चार वेळा केले तरी पुरे. ताप असताना किंवा छातीत नवे पाणी असताना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पुष्कळजण चार दिवस करतात आणि सोडून देतात. याला महिने लागतात, मंडळी. पिकालाही लागतात.

रोज चालावे. आज देवळापर्यंत, पुढच्या आठवड्यात ओढ्यापर्यंत. दम लागला तर उभे राहावे, लाजू नये. ओझे उचलताना श्वास कोंडून धरू नका, सोडत उचला. दोन मोठ्या मोळ्यांऐवजी तीन लहान करा. त्या ऊसतोडणीवाल्या गृहस्थांनी फळीवरून मोळी चढवणे सोडले. आता ते खाली तोडतात आणि भाऊ गाडी भरतो. मजुरी घरात तेवढीच येते.

बिडी सोडावी लागेल. याला दुसरा इलाज नाही. चुलीचा धूरही तितकाच वाईट, आणि तो बायकांच्या वाट्याला येतो. बाईला छातीचे दुखणे असेल, तर तिच्यापुरता तरी गॅस वापरा. घरात गॅस आहे, पण तो पाहुण्यांच्या चहालाच पेटतो, हे आम्ही पुष्कळ घरी पाहतो! पथ्याचे म्हणाल तर भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी, ताक, जे घरात असेल ते पोटभर खावे. केळे थंड, दही थंड म्हणून रोग्याला उपाशी ठेवण्याची चाल बरी नव्हे.

आणखी एक. आपल्या गावचे काही लोक पूर्वी शहरात कारखान्यांत कामाला होते. अॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केले असेल, तर वीस-तीस वर्षांनीसुद्धा हे वेष्टन जाड होऊ शकते. तेव्हा काम सोडून किती वर्षे झाली, हे न पाहता डॉक्टरांना ते सांगावे. घरावरचे जुने सिमेंटचे पत्रे करवतीने कापू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत. त्यांची धूळ श्वासात जाते.

आता घाई कधी करावी तेही सांगतो. पुन्हा संध्याकाळचा ताप येऊ लागला, दोन आठवड्यांवर खोकला राहिला, थुंकीत रक्त दिसले, वजन उतरले किंवा दम दिवसेंदिवस वाढत गेला, तर वण म्हणून घरी बसू नये. क्षय कधी कधी उलटतोही, आणि तो फोटोपेक्षा थुंकीत नीट कळतो. छातीच्या मध्यावर दाब येऊन घाम सुटला, दुखणे हातात उतरले, तर ते हृदयाचे असू शकते. तिथे घटकाभरही थांबू नये.

फार थोड्या लोकांचे वेष्टन इतके जाड होते, की फुप्फुस आवळून जाते. अशांसाठी शस्त्रक्रिया आहे. नारळावरचे सोडण काढावे, तसे ते वेष्टन सोलून काढतात. ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि ती मोठ्या दवाखान्यातच होते. कोणाला करायची, हे छातीचे सर्जन ठरवतात.

आम्ही शाळामास्तर, डॉक्टर नव्हे. कळले तेवढे सांगितले. आरोग्य केंद्रातल्या बाई समोर बसल्या आहेत. ज्यांनी फोटो बरोबर आणले असतील, त्यांनी ते कंदिलाशी धरू नयेत, खिडकीजवळच्या बाकावर ठेवावेत. बाई एकेक पाहतील.